मामाचं पातळ आणि ट्रकचा दिवा

आयुष्यात एकदाच माझ्या स्वागताला बँड वाजला आणि तोसुद्धा चुकून वाजला. (माझ्या स्वतःच्या लग्नात वाजला नव्हता. सासऱ्यानं सांगितलेले बँडवाले वाटेत दुसऱ्याच लग्नात जेवायला बसले ते उठलेच नाहीत!)

ही गोष्ट खरं तर आमच्या केवळबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं सांगायची. ती प्रत्येक लग्नात सांगायचीच, माझ्या तोंडासमोर, आणि मी मधे बोललो की म्हणायची, "तुम्ही गप बसा, तुमाले मागचं काही दिसत नव्हतं." मागल्या थंडीत ती गेली. आता सांगणारं कोणी उरलं नाही आणि गोष्ट काही मला गप बसू देत नाही. मी शाळेत फार गेलेलो नाही. लिहिण्यात इकडचं तिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नशिराबादच्या अलीकडं. माझ्याकडं तेव्हा एक जुनी फटफटी होती. गाडी चांगली, पण तिच्या दिव्याला उजेड नव्हता. म्हणजे दिवा लागायचा, पण तो लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागायची! तो उजेड इंजिनावर चालायचा. गाडी जोरात पळवली तर थोडा वाढायचा, हळू केली की मरायचा. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा आणि वेग वाढवला म्हणून खड्ड्यात जायचं. आमच्या रस्त्याला दोन्हीची सोय भरपूर होती.

अशात आमच्या अक्काच्या उषाचं लग्न ठरलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिलेली एरंडोलच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या एका खेड्यात. नवरदेव धुळ्याच्या देवपुरातला. मी सख्खा मामा, आणि एकुलता एक. आता आमच्यात रीत अशी की, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला हळद लागते, आंघोळ होते आणि त्यानंतर तिच्या अंगावर पहिलं पातळ चढतं ते मामाचं. पिवळं. मामाचं पातळ आल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. नवरी आली नाही तर पंगत बसत नाही. म्हणजे सगळ्या गावाचं पोट त्या दिवशी माझ्या हातात होतं!

पातळ केवळबाईनं स्वतः जळगावला जाऊन निवडलं होतं. दुकानदार दमला, पण ही दमली नाही. हळदीच्या दिवशी ती सकाळीच नवं लुगडं नेसून, पातळाचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

"निंघा आते!"

"निघू. बाबू मिस्तरी येतोय. दिवा बसवायचाय."

"दिवा? आते निंघनूत तर दिवसा पोचसूत. दिवा कसाले?"

"आणि रात्रीचं परत येताना?"

"परत उद्या येवानं शे. दुपारना लगीन लागी, मंग येवानं. दिवसा!"

याला उत्तर नव्हतं. ज्याला उत्तर नसतं ते मी ऐकत नसे.

बाबू मिस्तरी आमच्या गावचा. कोणतीही गोष्ट विचारा, तो "करून टाकू!" म्हणायचा. त्यानं भंगारातून एका ट्रकचा दिवा आणला होता. केवढा? भाकरीचं पीठ मळायची परात बघा, तेवढा! तो हँडलला बसेना, म्हणून त्यानं लोखंडी पट्टी आणली. पट्टी बसेना, म्हणून हातोडा आणला. त्यात दुपार झाली. मग कळलं की ट्रकचा दिवा फटफटीच्या बॅटरीवर पेटत नाही.

"मग रे?"

"मोठी बॅटरी लावून टाकू, नाना! ट्रॅक्टरची आहे ना तुमच्या भावाकडं?"

भाऊ नाही म्हणत होता, पण त्याला मी म्हटलं, भाचीचं लग्न आहे. लग्नाच्या नावावर आमच्याकडं बैलजोडीसुद्धा मिळते, बॅटरी काय! ती आणून मागं कॅरिअरवर चऱ्हाटानं बांधली. मिस्तरीनं वायर जोडली आणि दिवा पेटला. देवाशप्पथ सांगतो, भर उन्हात भिंतीवर उजेड दिसला!

ऊन उतरल्यावर आम्ही चाचणी घेतली. पुढं मी बसलो, मागं केवळबाई, तिच्या मागं बॅटरी. (केवळबाई अंगानं चांगली होती. मी हे ती असतानाही म्हणायचो, नंतर जेवायला उशिरा मिळायचं.) मागं एवढं वजन झालं की गाडीनं पुढचं चाक अधांतरी केलं आणि ट्रकचा दिवा थेट आभाळात! समोरच्या निंबाच्या शेंड्यावर बगळे बसलेले होते. ते एकदम कालवा करत उठले आणि जाता जाता माझ्या नव्या टोपीवर आपापली कामं उरकून गेले.

शेजारचा सुकदेव ओट्यावरून ओरडला, "नाना, इमान उतरवताय का?"

केवळबाई म्हणाली, "मी घरी राहस. बॅटरीले धाडा लगीनले. तिले पातळबी नेसाडा."

पण बाबू मिस्तरी हरणारा नव्हता. "वजन पुढं आणून टाकू!" म्हणाला, आणि बॅटरी उचलून पेट्रोलच्या टाकीवर बांधली. म्हणजे बरोबर माझ्या मांड्यांच्या मधे. दिवा खाली आला, गाडी सरळ झाली. एकच राहिलं, बटण. "बटण बाजारातून आणावं लागेल, नाना. तोवर वायर काढली की दिवा बंद, जोडली की चालू." मी म्हटलं, बंद करायचाय कोणाला?

मामा म्हणून मी नवा सुती पायजमा शिवला होता. पांढराशुभ्र, खळ घातलेला, चालताना कागदासारखा वाजायचा. तो घालून मी बॅटरी मांड्यांत धरली आणि निघालो तेव्हा दिवस बुडायला आला होता. केवळबाईनं मागून फक्त एवढं म्हटलं, "दिवा बसाडामां दिवस गया, आन् दिवस गया म्हनीसन दिवा लागना. चांगलं शे."

जळगाव मागं पडलं, पाळधी गेलं, अंधार झाला. आणि मग राजा, काय तो उजेड! रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. रस्त्याकडेच्या बाभळीचे काटे मोजून घ्या! आणखी एक मजा होत होती. समोरून येणारा जो तो मला वाट देत होता. सायकलवाले खाली उतरून शेतात उभे राहत होते. बैलगाड्या पार चारीपर्यंत सरकत होत्या. मला वाटलं, मामा जातोय म्हणून मान देतायत.

मान कसला! त्या काळी एक दिवा फुटलेले ट्रक रस्त्यावर पैशाला पासरी. समोरून एकच मोठा दिवा आला की माणूस ओळखायचा, हा एकडोळ्या ट्रक. पण बाकीचा ट्रक दिव्याच्या डाव्या अंगाला आहे का उजव्या अंगाला, हे काही कळायचं नाही. म्हणून शहाणा माणूस अख्खा रस्ताच सोडायचा!

एक एस.टी. तर माझ्यासाठी पूर्ण रस्त्याखाली उतरली. मी शेजारून गेलो तशी ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी बाहेर काढली.

"ओ काका! ट्रक घरी विसरले का?"

पुढं एका फाट्यावर मजूर मंडळी गाडीची वाट बघत उभी होती. आमचा दिवा बघून सगळ्यांनी हात केले. मी आपला थांबलो, कोणाला काही झालं असेल म्हणून. तर त्यांनी बोचकी उचलली आणि मंडळी पळत पळत आमच्या मागं गेली. मागं काहीच नाही! एकानं अंधारात हातानं हवा चाचपली.

"ट्रक कोठे शे?"

"ट्रक नाही. फटफटी आहे."

"मंग आमी कशामां बसानं?"

एक म्हातारी केवळबाईला म्हणाली, "तू जराशी पुढे सरक वं माय, मी बसस." केवळबाई म्हणाली, "पुढे बॅटरी बठेल शे. तिले इचार."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मला मात्र मांड्यांना गार लागायला लागलं होतं. रस्त्याला खड्डे, प्रत्येक खड्ड्याला बॅटरी हिंदकळायची आणि तिच्या झाकणातून पाणी उडायचं. बॅटरीत पाणी असतं हे मला माहीत होतं. कसलं पाणी असतं, ते बाबू मिस्तरीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळानं गार लागायचं थांबून चुरचुरायला लागलं. मला वाटलं, खळ टोचत असेल. नवा कपडा आहे, बसेल अंगाला!

एरंडोल ओलांडलं, फाट्यावर वळलो, आणि लांबून अक्काचं गाव दिसायच्या ऐवजी दिसलंच नाही. वीज गेलेली. तिकडं अक्काच्या घरी काय चाललं होतं ते नंतर कळलं. उषाची आंघोळ होऊन ती जुन्या चादरीत कुडकुडत बसली होती. अक्का दर घडीला दारात येऊन, "नाना उना का? पातळ उनं का?" म्हणत होती. बायका कुजबुजत होत्या, एकुलता एक मामा आणि तोच आला नाही, काही रागबिग आहे का? अक्काला रडू फुटायचं बाकी होतं. आणि त्याच वेळी देवपुराहून नवरदेवाचं वऱ्हाड ट्रकमधून यायचं होतं. त्यांच्या स्वागताला आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक, बँड घेऊन, हार घेऊन गावाच्या वेशीवर उभे होते.

तेवढ्यात फाट्याकडून ट्रकचा दिवा आला.

"वऱ्हाड उनं रे! वाजाडा!"

आणि बँड सुरू झाला. ढोल, ताशा, पिपाण्या, सगळं एकदम! दिव्याच्या मागचं कोणाला काही दिसेना, सगळ्यांचे डोळे दिपलेले. मी ओरडतोय, "दाजी, मी आहे! मी नाना!" पण मला माझाच आवाज ऐकू येईना. बायकांनी डोळे मिटूनच माझ्या गाडीच्या चाकावर पाणी ओतलं. कोणी तरी दिव्यालाच कुंकू लावलं! दाजी एका हातानं डोळे झाकत, दुसऱ्या हातात हार घेऊन पुढं आले, चाचपत चाचपत माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "या व्याही, या!"

आता आमच्याकडं व्याहीभेट म्हणजे नुसता रामराम नाही. छातीला छाती लावून व्याह्याला जमिनीवरून उचलायचं. जो आधी उचलेल त्याची बाजू वरचढ. आणि आमचे दाजी म्हणजे जुने पैलवान! त्यांनी मला मिठी मारली, "जय श्रीराम" म्हटलं आणि दिलं उचलून.

मी वर आलो. पायजमा आला नाही.

तो बॅटरीच्या पाण्यानं इतका कुजला होता की निम्मा टाकीला चिकटून राहिला आणि निम्म्याच्या चिंध्या झाल्या. कमरेला फक्त नाडी आणि नाडीला लोंबणारे चार धागे. खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, तिचीही चाळणी झालेली! एवढ्यावर भागलं असतं. मी दिव्याच्या मागं होतो, तिथं अंधार होता. पण दाजींना वाटलं, व्याह्याला सगळ्या गावाला दाखवावं. त्यांनी मला तसाच उचलून गरकन फिरवलं आणि दिव्याच्या बरोबर पुढं उभं केलं.

बँड थांबला.

सांगतो ना, त्या दिव्याला उजेड फार चांगला होता. गावातल्या शेवटच्या माणसालासुद्धा स्पष्ट दिसलं.

"हाई तर नाना शे!" दाजी म्हणाले.

"केवळे, वायर काढ! वायर!" मी बोंबललो.

"कोणती वायर? लाल का काळी?"

"कोणती पण!"

"मंग निट सांगा ना! तठे शॉक लागस का?"

मी दोन हातांनी काय काय झाकू? केवळबाईनं एक क्षण माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरचं गाठोडं सोडलं आणि त्यातलं पिवळं पातळ माझ्या अंगावर फेकलं. मी ते कमरेभोवती गुंडाळलं, उरलं ते खांद्यावर घेतलं. आणि नेमक्या त्याच वेळी मागून खरा ट्रक आला. दोन्ही दिवे शाबूत असलेला!

व्याही खाली उतरले. देवपुरातले, शिकलेले, इस्त्रीचे कपडे, चष्मा. बघतात तर वेशीवर झगझगीत उजेड, सगळं गाव मुकं, आणि मधोमध पिवळं पातळ नेसून, गळ्यात हार घालून, मिशीवाला मी.

"हे कोण?"

"नवरीचे मामा," दाजी म्हणाले. आवाज पार खोल गेलेला.

"आणि हे... अंगावर?"

आता दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पोरीच्या सासरचे समोर, लग्न उद्यावर. मामा चड्डीवर आला होता हे सांगावं तर इज्जत गेली. दाजी पैलवान होते, पण त्या दिवशी त्यांनी डोक्यानं डाव टाकला. छाती काढून म्हणाले, "आमच्यात रीत शे. नवरीचं पातळ मामानं स्वतःच्या अंगाला लावूनच आणायचं. त्याच्या अंगाची माया पोरीला लागते."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वा! आमच्याकडं शहरात हे सगळं बंद पडलं हो. अशा जुन्या रीती जपल्या पाहिजेत." आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी नमस्कार घेतला नाही. हात सोडला असता तर पातळ सुटलं असतं!

पण खरी पंचाईत घरात झाली. मी पातळ सोडून दाजींचं धोतर नेसलो आणि पातळ आत पाठवलं, तर बाप्यानं नेसून उतरवलेलं म्हणून दाजींच्या आईनं ते हातात धरलं नाही.

"उतरेल पातळ नवरीले? ते बी गडीनी नेसेल? मना घरमां नही चालाऊ!"

अक्का रडायला लागली. दुसरं पातळ आणावं तर दुकानं बंद, आणि दुसरं आणलं तरी ते मामाचं कसं? बाहेर दाजी सांगून बसलेले की ही आमची रीत. आता नवरी दुसरं नेसून आली तर व्याही विचारणार. पंगतीतली पोरं पत्रावळीवर थाप मारायला लागलेली. मी दाराआड उभा, आणि खरं सांगतो, मांड्यांपेक्षा जास्त आग मला दुसरीकडं होत होती. एका भाचीला एक पातळ नीट पोचवता आलं नाही माझ्यानं!

तेवढ्यात चादरीतून उषाचा आवाज आला. "आजी, माले तेच पाहिजे. मामाले बठ्ठा गाव हसना. आते मी बी नही म्हनू, तर तो तोंड कोठे दपाडी?"

आणि आमची केवळबाई पुढं झाली. "पातळ मामानं आणलं, का मामाले पातळनं आणलं, तुमाले काय करनं शे? उनं ना? मंग!" असं म्हणून तिनं ते हळदीच्या पाण्याच्या परातीत बुचकळलं, पिळलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. "घ्या. आते हळद लागनी त्याले. तुमी हळद बाटेल म्हनशात का?" हळदीपुढं म्हातारी तरी काय बोलणार! उषा तेच ओलं पातळ नेसून मांडवात आली, माझ्या पाया पडली, आणि गाव जेवलं.

माझ्या मांड्यांना केवळबाईनं महिनाभर खोबरेल लावलं. लावताना रोज हसायची. मी चिडलो की म्हणायची, "नका चिडू, उजेड चांगला व्हता."

उषाचं सगळं चांगलं झालं. नवरा भला निघाला, सासरा तर आमच्या रीतीचा भक्तच झाला. त्यांच्या देवपुरातल्या भावकीत पुढच्या लग्नात त्यांनी मामाला पातळ गुंडाळायला लावलं. त्या मामानं त्याच्या गावात सांगितलं. मग दुसऱ्यानं धरलं. या वर्षी उषाच्या लेकीचं लग्न धुळ्याला मोठ्या हॉलात झालं. तिचा मामा पुण्याला इंजिनीअर आहे, तो सूटवर पिवळी साडी गुंडाळून आला. फोटोवाल्यानं त्याला तीनदा चालायला लावलं. गुरुजी माईकवर म्हणाले, ही आपल्याकडची प्राचीन प्रथा आहे.

मी सवयीनं शेजारी वळलो, केवळबाईला कोपर मारायला. शेजारी कोणी तरी अनोळखी पाहुणा बसला होता. कोपर लागलं त्याला. चांगला होता बिचारा, रागावला नाही. मला विचारायला लागला, "बाबा, ही साडीची प्रथा कोणी सुरू केली हो?"

मी म्हटलं, "एक ऋषी होते. त्यांच्या अंगावर पायजमासुद्धा नव्हता."

त्यानं बसल्या जागी हात जोडले. "ऋषीच ते! त्यांना कशाला लागतो पायजमा?"

मग मी काय करणार? उजवा हात वर केला आणि त्याला आशीर्वाद देऊन टाकला.